धुराला वाट आहे का?

डिसेंबरातल्या एका जुम्म्याची सकाळ. धाकटी बहीण आणि तिची मुलगी दोन दिवसांसाठी अकोल्याहून कारंज्याला आमच्याकडे आल्या होत्या. भाची बारावीला आहे. थंडी चांगलीच होती, म्हणून ती गरम पाण्याने गुस्ल करायला बाथरूममध्ये गेली. गॅस गीझरचा घुर्र आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. पंधरा-वीस मिनिटे झाली. "कितना पानी बहा रही है ये लड़की!" बहीण म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो.

मग आत काहीतरी आपटल्याचा आवाज आला. बादली पडली असेल, असे वाटले. हाक मारली, उत्तर नाही. दार वाजवले, तरी उत्तर नाही. आत गीझर चालूच होता. माझ्या मोठ्या मुलाने खांदा लावून कडी तोडली. त्याला बाजूला सारून मी चादर घेऊन आत शिरले. भाची भिंतीला टेकून कोसळली होती. श्वास चालू होता, पण डोळे उघडत नव्हते. आम्ही तिला उचलून अंगणात आणले. मोकळ्या हवेत चार-पाच मिनिटांनी तिने डोळे उघडले, उलटी केली आणि म्हणाली, "खाला, सर फट रहा है."

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गॅसचा गीझर आहे का?" मी हो म्हटले. "बाथरूमला झरोका आहे का?" आहे. "तो उघडा होता का?"

झरोका उघडा नव्हता. आदल्या आठवड्यात मीच तो बंद केला होता. थंड वारा येतो म्हणून शाळेतून आणलेल्या वह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नीट बसवला होता, कडेने चिकटपट्टीही लावली होती. वर्गातला तक्ता लावावा इतक्या नेटकेपणाने.

अल्लाहच्या कृपेने भाची आज ठीक आहे. पण त्या पुठ्ठ्याने माझी झोप उडवली. म्हणून हा लेख लिहिते आहे.

ज्याला वास नाही तो वायू

मला वाटत होते, गॅस गळला असेल. डॉक्टरांनी समजावले की गळती झाली नव्हती, गॅस नीट जळत होता. अडचण हवेची होती. कोणतीही आग जळायला ऑक्सिजन लागतो. लहानशा बंद खोलीत गीझर चालला की तो खोलीतलाच ऑक्सिजन वापरत राहतो. ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळे झोंबत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही.

सिलिंडरमधल्या गॅसला वास असतो, कारण गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते. गॅस जळल्यावर तो वास राहत नाही. म्हणजे "वास नाही, मग सगळे ठीक आहे" हा आपला हिशेब गीझरच्या बाबतीत चुकतो.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोरोनानंतर आपल्या अनेक घरांत आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत ते यंत्र फसते आणि आकडा अगदी चांगला दाखवू शकते. त्यावर विसंबून घरी थांबू नये. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, हातापायातले बळ जाणे, गुंगी ही याची लक्षणे आहेत. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी सुरू झाली आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर पित्ताची गोळी घेत बसू नका. सगळ्यांना उघड्यावर आणा, आग बंद करा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

भाचीला कित्येक तास मास्कने ऑक्सिजन दिला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. विसरायला होणे, चिडचिड, चालताना तोल जाणे असे काही दिसले तर लगेच आणा. बारावीच्या मुलीच्या आईने हे ऐकले तेव्हा तिचे काय झाले असेल, ते मी लिहू शकत नाही. रोज संध्याकाळी फोन करून ती मुलीकडून धडा म्हणवून घेत होती आणि मला सांगत होती, "आज बराबर सुनाया, आपा."

नानीच्या घराचे धुराडे

आमच्या नानीच्या घरात पऱ्हाट्या आणि तुराट्या जळत. आपल्या वऱ्हाडात कपाशी निघाली की पऱ्हाटीचे ढीग घरोघर लागत. कवेलूच्या छपरात चुलीच्या बरोबर वर एक धुराडे होते. पावसाळ्याच्या आधी मामा छपरावर चढायचे, कवेलू फेरायचे आणि काठीला फडके बांधून धुराड्याची काजळी काढायचे. नानी खाली उभी राहून वर बघायची. उजेड दिसला की म्हणायची, "अब ठीक है." तिची तपासणी एवढीच होती. खालून आकाश दिसले पाहिजे.

पाणी तापवायला तांब्याचा बंब होता. त्याच्या पोटातून नळी वर गेलेली असे. आग नळीत, पाणी भोवती आणि धूर वरच्या तोंडातून बाहेर. शिवाय बंब अंगणात असे आणि गरम पाणी बादलीने न्हाणीघरात जाई. नानी शिकलेली नव्हती, पण आग एकीकडे आणि अंघोळ दुसरीकडे, ही व्यवस्था तिच्या घरात होती. मी बी.एड. केलेली बाई, आणि मी आग बाथरूममध्ये आणून वर झरोका बंद केला.

मात्र जुने सगळे चांगले होते, असेही नाही. ज्या घरांत धुराडे नव्हते किंवा बुजले होते, तिथल्या बायकांचे डोळे आणि छाती चुलीने खाल्ली. यावर उपाय शोधण्याची धडपड आपल्या विदर्भातही झाली. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले आणि पुढे तिथल्या कार्यकर्त्यांनी नळीतून धूर बाहेर काढणारी 'मगन चूल' लोकांपुढे आणली. हैदराबादेत डॉ. एस. पी. राजू यांनी १९५०च्या आसपास धूरविरहित चूल बसवली. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२मध्ये तो थांबेपर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या. आपल्यापैकी काहींच्या माहेरी त्यातली सिमेंटच्या नळीची चूल असेलही.

त्या चुलींचे पुढे काय झाले? बऱ्याच ठिकाणी नळी काजळीने बुजली, फुटली आणि कोणी पाहिले नाही. ओडिशातील गावांत अशाच नळीच्या चुलींचा अभ्यास अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पुढे २०१९मध्ये नोबेल मिळालेल्या याच डुफ्लो. अडीच हजारांहून अधिक कुटुंबांकडे त्यांनी चार वर्षे लक्ष ठेवले. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. नंतर तो फायदा उरला नाही, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभाल झाली नाही. बसवताना सगळे हजर असतात. नंतर वर्षावर्षाने बघायला कोणी येत नाही.

न बघता दिलेली सही

आता माझी दुसरी चूक सांगते. ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस गरिबाच्या घरातही पोचला. गॅस आला तशी तपासणीची गरजही वाढली. आपल्याकडे दर पाच वर्षांनी गॅस जोडणीची सक्तीची तपासणी करून घ्यायची असते. ती गॅस एजन्सीचा प्रशिक्षित मेकॅनिक करतो आणि त्याचे ठरलेले शुल्क असते. शिवाय तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी अलीकडे मोफत मूलभूत सुरक्षा तपासणीची मोहीम चालवली. संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशभर १२ कोटींहून अधिक घरांत ती झाली आणि साडेचार कोटींहून अधिक नळ्या सवलतीत बदलल्या गेल्या.

त्या बारा कोटींत माझे घरही असावे. सिलिंडर घेऊन आलेला मुलगा म्हणाला होता, "बाजी, चेकिंग करनी है, दो मिनट." शाळेची वेळ झाली होती. ओट्यावर भांडी पडली होती, आणि परक्या मुलाने आपले पसरलेले स्वयंपाकघर बघावे, हे मला नको होते. मी दारातच म्हटले, "सब ठीक है, कहाँ साइन करूँ?" त्याने कागद पुढे केला, मी सही केली आणि ओटीपी सांगितला. त्याचाही वेळ वाचला, माझाही.

दुसऱ्याच्या वहीवर न वाचता सही करणाऱ्या शिक्षकाला मी काय म्हटले असते? पण स्वतःच्या घराच्या कागदावर मी तेच केले.

तपासणी झाली तेव्हा

भाची घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी एजन्सीत जाऊन रीतसर तपासणी मागितली. २३६ रुपयांची पावती झाली. दुसऱ्या दिवशी वयस्कर मेकॅनिक आले. गळ्यात ओळखपत्र, हातात साबणाच्या पाण्याची बाटली. त्यांनी पाऊण तास घर पाहिले आणि मी वही घेऊन मागे उभी राहिले. त्यांनी पाहिले ते क्रमाने लिहिते. तुमच्याकडे मेकॅनिक येईल तेव्हा यातले काय राहिले, ते तुम्हीच विचारा.

नळी. शेगडीची नारिंगी 'सुरक्षा' नळी पाच वर्षांनी बदलायची असते. नळीवर वर्ष छापलेले असते. आमच्या नळीवरचे वर्ष वाचून ते म्हणाले, "बाजी, ये तो कब की रिटायर हो चुकी है." नळीची लांबी दीड मीटरच्या आत हवी, ती भिंतीतून पार नेऊ नये आणि वरून झाकू नये, म्हणजे भेग दिसते.

जोड. आमच्या गीझरला वेगळे सिलिंडर नव्हते. बसवणाऱ्याने स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या नळीला 'टी' लावून दुसरी नळी भिंतीला भोक पाडून बाथरूममध्ये नेली होती. मेकॅनिकनी कपाळाला हात लावला. असा जोड चालत नाही. जितके जोड, तितक्या गळतीच्या जागा, आणि भिंतीतली नळी उंदराने कुरतडली तरी कळत नाही.

साबणाचे पाणी. रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोके आणि शेगडीच्या कळांवर त्यांनी फेस लावला. बुडबुडा आला तर गळती. गळती शोधायला काडी ओढणारे लोक अजून आहेत. ते कधीही करू नये.

सिलिंडरची जागा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो गळला की वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभे आणि उघड्या जागी हवे, आणि ओट्याखालच्या कपाटात असेल तर दाराला खाली जाळी हवी. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंच हवी. फ्रिजचा प्लग, इन्व्हर्टर, देवडीतला दिवा यांपैकी काही जवळ नको.

ज्योत. त्यांनी चारही बर्नर पेटवले. ज्योत निळी हवी. पिवळी ज्योत आणि भांड्यांची काळी बुडे म्हणजे गॅस अर्धवट जळतो आहे. आमचा एक बर्नर कित्येक महिने पिवळा जळत होता. मी रोज पातेले घासत होते आणि साबणाला दोष देत होते.

सिलिंडरची तारीख. सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतून ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे लिहिलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. 'बी-२७' म्हणजे जून २०२७ पर्यंत त्या सिलिंडरची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेले सिलिंडर दारातूनच परत करता येते. घेताना वजन आणि गळती तपासून मागणे हाही आपला हक्क आहे.

गीझर. "ये मेरे काम में नहीं आता, लेकिन इसे यहाँ से निकालिए," असे ते स्पष्ट म्हणाले. गीझरसाठी कंपनीच्या सेवा केंद्राचा माणूस बोलवावा लागतो. तो आला, त्याने गीझर काढून मागच्या उघड्या व्हरांड्यात बसवला, त्याला वेगळे सिलिंडर दिले आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणला. या सगळ्याला जो खर्च आला, तो दवाखान्याच्या बिलापेक्षा कितीतरी कमी होता.

ज्यांना व्हरांडा नाही, त्यांनी निदान एवढे करावे. दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर पूर्ण बंद करावा आणि मगच आत जाऊन कडी लावावी. झरोका बारा महिने उघडा. नुसता एक्झॉस्ट पंखा लावला म्हणून निर्धास्त होऊ नका. आत ताजी हवा यायला खाली वाट नसेल, तर पंखा बाहेर काय फेकणार? हवा बाहेर जायला एक वाट लागते आणि आत यायला दुसरी.

स्वयंपाकघरातली चिमणी

आता नव्या घरांत शेगडीच्या वर विजेची चिमणी दिसते. लग्नाच्या सामानातही ती येऊ लागली आहे. चिमणी चांगलीच आहे. फोडणीचा आणि तळणाचा धूर ती ओढते. पण तिच्याकडून काय होते आणि काय होत नाही, हे माहीत हवे.

पहिली गोष्ट, तिच्या पाइपचे दुसरे टोक कुठे आहे ते बघा. एका नातलगाच्या घरी पाइप पोटमाळ्यात सोडलेला होता. धूर ओट्यावरून जाऊन माळ्यावरच्या गाद्यांत बसत होता. पाइप घराबाहेर, मोकळ्या हवेत निघाला पाहिजे आणि तोंडावर पाखरांनी घरटे करू नये म्हणून जाळी हवी. काही चिमण्यांना पाइप नसतोच. त्या तेल गाळून हवा परत खोलीतच सोडतात. अशा चिमणीमुळे खिडकीची गरज संपत नाही.

दुसरी गोष्ट, साचलेले तेल. आपल्याकडे तळण जास्त होते. जाळीवर आणि पाइपमध्ये साचलेला चिकट थर कढईतल्या भडक्याने पेट घेऊ शकतो. जाळी दर महिन्याला गरम पाण्यात धुवा आणि वर्षातून एकदा माणूस बोलवून आतला पंखा व पाइप साफ करून घ्या. शेगडी आणि चिमणीत साधारण सव्वादोन ते अडीच फुटांचे अंतर हवे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गॅसचा वास आला की कित्येक जणी पटकन चिमणीचे किंवा एक्झॉस्टचे बटण दाबतात. हे कधीही करू नका. बटण दाबताना उडणारी बारीक ठिणगीसुद्धा पुरते. दिवा लावू नका आणि लागलेला असेल तर बंदही करू नका. आधी रेग्युलेटर बंद करा, सिलिंडरच्या तोंडावर टोपी लावा, दारे-खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा. गॅसच्या तक्रारीसाठी तो चोवीस तास चालू असतो. टोपी दोरीने सिलिंडरलाच बांधलेली असते. ती कापून मुलांना खेळायला देऊ नका.

बाळंतिणीची खोली

हा लेख लिहिताना अम्मीने एक आठवण करून दिली. आपल्या घरांत बाळंतिणीला चिल्ला होईपर्यंत ऊब देतात. खाटेजवळ निखाऱ्यांची शेगडी, लोबानची धुनी, आणि बाळाला हवा लागू नये म्हणून दार-खिडकी बंद. हेतू मायेचा असतो. पण निखारे धूर न करताही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. धूर दिसत नाही म्हणून आपण निश्चिंत राहतो, आणि त्या खोलीत सर्वांत लहान छाती बाळाची असते. ऊब द्यायची तर खोली आधी तापवा, शेगडी बाहेर काढा आणि मग आई-बाळाला आत न्या. झोपताना खोलीत निखारा ठेवू नका.

रात्री झोपताना घरातली आग जळत ठेवू नये, ही ताकीद आपल्याला हदीसमधून मिळालेली आहे. मदिनेत एका रात्री घर जळाल्याची खबर पोचली, तेव्हा हजरत पैगंबर (स.) यांनी आग ही तुमची शत्रू आहे, झोपण्यापूर्वी ती विझवा, असे बजावल्याचे सहीह बुखारीत आले आहे. मी हे वर्गात कितीतरी वेळा शिकवले आहे. रात्री रेग्युलेटर बंद करण्याची सवय मात्र मला डिसेंबरात लागली.

दार उघडायचे कोणी?

तपासणी न होण्याची खरी कारणे आपल्या घरात आहेत. पुरुष म्हणतात, "चल तो रहा है." बायका घरी एकट्या असतात आणि परक्या माणसाला स्वयंपाकघरात घ्यायला संकोचतात. संकोच चुकीचा नाही. त्याला उपाय आहेत. एजन्सीत फोन करून जुम्म्यानंतरची किंवा रविवारची वेळ मागा, घरचे कोणी हजर ठेवा, आलेल्या माणसाचे ओळखपत्र बघा, पावती घ्या. शेजारच्या दोन-तीन घरांनी एकच दिवस ठरवला तर आणखी सोपे. आमच्या गल्लीत आम्ही तसेच केले. सात घरांपैकी पाच घरांतल्या नळ्या बदलाव्या लागल्या.

भाड्याच्या घरात प्रश्न आणखी अवघड असतो. घरमालक म्हणतो गीझर तुमचा, भाडेकरू म्हणतो भिंत तुमची. ब्रिटनमध्ये १९९८च्या नियमांनुसार घरमालकाला भाड्याच्या घरातली गॅसची उपकरणे आणि धूर जाणारी नळी दरवर्षी नोंदणीकृत कारागिराकडून तपासून घ्यावी लागते आणि त्याचा कागद भाडेकरूला द्यावा लागतो. जर्मनीत चिमणी साफ करणाऱ्याला घरोघरची आग आणि धुराडी तपासण्याचा कायद्याने अधिकार आहे. आपल्याकडे तसे कोणी दार ठोठावत येणार नाही. आलाच, तर त्याला दारातून परत पाठवू नये, एवढे आपल्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्या घरांना माहीत आहे. तेल कंपन्यांनी आपल्या ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो आणि त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. गॅसच्या अपघातात मृत्यू झाला तर प्रत्येकी ६ लाख रुपये, उपचारासाठी प्रत्येकी २ लाखांपर्यंत (एका घटनेत मिळून कमाल ३० लाख) आणि नोंदणी केलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत भरपाई त्यात आहे. म्हणून घर बदलले की गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता बदलून घ्या, अपघात झाला तर एजन्सीला लगेच लेखी कळवा आणि तपासणीची पावती जपून ठेवा.

रमजानच्या आधी

रमजान जवळ आला आहे. सहरीला आपण अर्ध्या झोपेत शेगडी पेटवू, आणि थंडी म्हणून खिडकी बंद असेल. इफ्तारच्या आधी दोन-दोन कढया तापतील. वर्षातल्या इतर कोणत्याही महिन्यापेक्षा या महिन्यात आपली शेगडी जास्त जळते आणि आपण जास्त थकलेल्या असतो. घराची सफाई करताना, पडदे धुताना, मसाले दळून आणताना यादीत आणखी एक काम घाला. नळीवरचे वर्ष वाचा, ज्योतीचा रंग बघा, झरोके मोकळे करा आणि एजन्सीला फोन लावा.

मागच्या आठवड्यात भाची पुन्हा आली होती. बाथरूममध्ये जाण्याआधी ती झरोक्याखाली उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली. मी विचारले, "क्या देख रही है?"

"आसमान दिख रहा है, खाला," ती म्हणाली आणि बादली घेऊन आत गेली. व्हरांड्यातला गीझर मी आधीच बंद केला होता.